‘अब्दुल’च्या पुढे काय? एका नावाची पुरी ओळख



आज हप्ते, व्याज, शेळीपालन यातलं काही नाही. आज आपण एका नावाचा अर्थ समजून घेणार आहोत. नाव तुमच्या चांगल्या ओळखीचं आहे: अब्दुल. बहुतेक गावांत एखादे अब्दुलचाचा किंवा अब्दुलभाई असतात. कुणाचं सायकलचं दुकान असतं, कुणी आठवडी बाजारात बांगड्या विकतं, कुणी शेती करतं, कुणी शाळेत गुरुजी असतं. आपण वर्षानुवर्षं त्यांना या नावानं हाक मारतो. पण अब्दुल म्हणजे काय, हे कधी विचारलंय का? आणि त्याच्या पुढचा प्रश्न, अब्दुल हे पूर्ण नाव आहे का?

उत्तर आधीच सांगून टाकतो. नाही. अब्दुल हे अर्धं नाव आहे. त्याच्या पुढचा शब्द जोडला, तरच नावाला अर्थ येतो. हे कळून आपल्याला काय करायचंय, असं कुणी म्हणेल. पण बायांनो, गटाच्या वहीत, बँकेच्या अर्जावर, बाळाच्या जन्माच्या नोंदीत नावं एक तर आपण लिहितो किंवा आपल्यासमोर लिहिली जातात. नाव मधेच तुटलं की पैसा अडतो, दाखला अडतो. ते कसं, ते पुढे सांगतोच. आधी नावाची फोड करू.

‘चा सेवक’, पण कुणाचा?

हे नाव अरबी भाषेतलं आहे. अरबीत ‘अब्द’ म्हणजे सेवक, दास. ‘अल’ हा तिथला एक छोटा शब्द आहे. तो नामाच्या आधी लागतो आणि ‘तोच तो, ठरावीक’ असं दाखवतो. ‘अब्दु’ आणि ‘अल’ एकमेकांना चिकटले की होतं ‘अब्दुल’. अरबीत दोन नामं अशी शेजारी आली की त्यांच्यात आपल्या ‘चा’सारखं नातं तयार होतं. म्हणजे ‘अब्दुल’चा मराठीत अर्थ झाला ‘चा सेवक’. कुणाचा? ते पुढचा शब्द सांगतो.

पुढचा शब्द बहुधा अल्लाहचं एखादं नाव असतो. इस्लामच्या परंपरेत अल्लाहची नव्व्याण्णव नावं सांगितली जातात. आपल्याकडे विष्णुसहस्रनाम आहे, तशी. एकेका नावात देवाचा एकेक गुण सांगितलेला असतो. रहमान म्हणजे अतिशय दयाळू. करीम म्हणजे उदार. रज्जाक म्हणजे सगळ्यांना अन्न, रोजी देणारा. गफ्फार म्हणजे पुन्हा पुन्हा क्षमा करणारा. सत्तार म्हणजे माणसाच्या उणिवांवर पांघरूण घालणारा. हमीद म्हणजे स्तुतीला पात्र. कादिर म्हणजे सामर्थ्यवान. तर अब्दुल रहमान म्हणजे दयाळूचा सेवक, अब्दुल रज्जाक म्हणजे अन्नदात्याचा सेवक, अब्दुल गफ्फार म्हणजे क्षमाशीलाचा सेवक.

आता आपल्या शेजारचे रामदास, देवीदास, विठ्ठलदास आठवा. रामदास म्हणजे रामाचा दास, देवीदास म्हणजे देवीचा दास. ख्रिस्ती घरांत येशुदास असतो. नावं ठेवण्याची रीत अगदी तीच आहे, फक्त शब्दांचा क्रम उलटा. मराठीत देवाचं नाव आधी आणि ‘दास’ नंतर. अरबीत ‘सेवक’ आधी आणि देवाचं नाव नंतर. म्हणूनच आपली फसगत होते. देवीदासला कुणी लाडानं ‘देवा’ म्हटलं, तरी हातात देवाचं नाव उरतं. पण अब्दुल रज्जाकचं नाव पहिल्या शब्दावर थांबवलं, तर हातात उरतं नुसतं ‘चा सेवक’.

कुणाला वाटेल, दास म्हणवून घेण्यात कमीपणा नाही का? श्रद्धाळू माणूस याकडे वेगळ्या नजरेनं बघतो. जो देवाचा सेवक, त्याला दुसऱ्या कुणा माणसापुढे वाकायचं कारण नाही. आपल्या जनाबाईंनी स्वतःला नामदेवांची दासी म्हणवून घेतलं, त्यातही कमीपणा नव्हता, अभिमान होता.

नाव किती जुनं?

ही रीत इस्लामच्याही आधीची आहे. पैगंबर मुहंमद यांच्या वडिलांचं नाव अब्दुल्ला होतं, म्हणजे अल्लाहचा सेवक. पैगंबरांचा जन्म होण्याआधीच ते वारले, म्हणजे हे नाव त्याही आधीपासून अरबस्तानात होतं. तेव्हा तिथले लोक अनेक देवदेवतांना मानत. त्यामुळे उज्जा नावाच्या देवीचा सेवक, सूर्याचा सेवक, अशीही नावं असत. इस्लाम आल्यावर सेवक एकाच ईश्वराचा, असं ठरलं आणि तशी नावं मागे पडली. अब्दुल्ला आणि अब्दुर्रहमान ही नावं अल्लाहला सगळ्यांत प्रिय आहेत, असं पैगंबरांनी सांगितल्याचं हदीसमध्ये येतं. त्यामुळे जगभर मुसलमान घरांत ही नावं आवडीनं ठेवतात.

पैगंबरांच्या आजोबांच्या नावाची तर एक गोष्टच सांगतात. त्यांचं मूळ नाव शैबा. लहानपणी ते आईकडे, आजच्या मदिनेत वाढले. पुढे त्यांचे चुलते मुत्तलिब त्यांना मक्केला घेऊन आले. उंटावर मुत्तलिब यांच्या मागे बसलेला अनोळखी मुलगा पाहून लोकांना वाटलं, यांनी नवीन नोकर आणलाय. लोक त्याला ‘अब्दुल मुत्तलिब’, म्हणजे मुत्तलिबचा नोकर, म्हणू लागले. खरं नातं सांगूनही तेच नाव जन्मभर राहिलं. लोकांनी एकदा तोंडात बसवलेलं नाव कसं चिकटतं, ते यावरून कळतं.

मुलींसाठी काय, असं तुम्ही विचारालच. ‘अब्द’चं बाईमाणसासाठीचं रूप आहे ‘अमत’, म्हणजे सेविका. त्यावरून अमतुल्ला, अमतुल करीम अशी मुलींची नावं होतात. आपल्याकडे ती कमी ऐकू येतात, पण आहेत. आणि ‘अब्द’च्याच धातूपासून आलेले आबिद, आबिदा आणि इबादत हे शब्द तर तुम्ही ऐकलेच असतील. इबादत म्हणजे उपासना, आबिदा म्हणजे उपासना करणारी.

रहमान या नावातही बायकांना जवळची वाटेल अशी गोष्ट आहे. रहमान आणि रहीम हे शब्द ज्या मुळाक्षरांपासून झाले, त्याच अक्षरांपासून अरबीत गर्भाशयाचा शब्द झाला आहे. दया आणि आईची कूस, दोन्ही शब्द एकाच मुळाचे.

आपल्या गटाच्या वहीतले शब्द

हे सगळं अरबस्तानातलं, आपला त्याच्याशी काय संबंध, असं वाटत असेल तर गटाची वही उघडा. वहीत पहिलं काय असतं? हिशेब. मग जमा. मग बाकी. हे तिन्ही शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आलेत. दख्खनच्या सुलतानांच्या काळात इथला बराचसा कारभार फारसीत चाले. तेव्हापासून हे शब्द आपल्यात मुरले, इतके की ते परके वाटतच नाहीत.

आणि गंमत ऐका. अल्लाहच्या नव्व्याण्णव नावांत एक नाव आहे हसीब, म्हणजे सगळ्यांचा हिशेब ठेवणारा. एक नाव जामी, म्हणजे जमा करणारा, एकत्र आणणारा. एक नाव बाकी, म्हणजे सगळं गेल्यावरही जो उरतो तो. अब्दुल बाकी या नावाचा एखादा मुलगा भेटला, तर त्याच्याकडे उधारी बाकी आहे असं समजू नका. त्याच्या नावाचा अर्थ आहे ‘जो कायम उरतो, त्याचा सेवक’.

अजून ऐका. हक म्हणजे सत्य. त्यावरून अब्दुल हक, आणि तोच शब्द मराठीत आपला ‘हक्क’. वकील म्हणजे ज्याच्यावर काम सोपवून निर्धास्त व्हावं तो. हकीम म्हणजे ज्ञानी, आणि त्याच घराण्यातला ‘हुकूम’. मलिक म्हणजे राजा, त्याच मुळाचा आपला ‘मालक’. कादिरच्या मुळाची आपली ‘कदर’. वारिस म्हणजे सगळ्यांच्या मागे ज्याच्याकडे सगळं जातं तो, आणि तोच आपला ‘वारस’. सातबाऱ्यावर वारसनोंद लावायला आपण तलाठ्याकडे जातो, तेव्हा अब्दुल वारिस या नावातलाच शब्द आपल्या तोंडी असतो. म्हणजे ही नावं आपल्याला समजायला तशी अवघड नाहीत. निम्मे शब्द आपण रोज वापरतो.

मोठी माणसं, पूर्ण नावं

आपल्यातल्या कितीतरी निराधार, विधवा बहिणींना संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे पैसे मिळतात. ती योजना १९८० साली सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते बॅरिस्टर ए. आर. अंतुले. कोकणातल्या आंबेत गावचे. ‘ए. आर.’ म्हणजे अब्दुल रहमान, दयाळूचा सेवक.

१९६५ च्या लढाईत शत्रूचे रणगाडे उडवताना वीरमरण आलेले, परमवीरचक्र मिळालेले हवालदार अब्दुल हमीद. सरहद्द गांधी म्हणून ओळखले जाणारे खान अब्दुल गफ्फार खान, जे १९३४ साली वर्ध्याला गांधीजींकडे येऊन राहिले होते आणि ज्यांना १९८७ साली भारतरत्न मिळालं. ही दोन्ही नावं पूर्ण घेतली की आता त्यांचा अर्थही तुम्हाला सांगता येईल.

आणि आपले माजी राष्ट्रपती डॉक्टर ए. पी. जे. अब्दुल कलाम. कलाम म्हणजे वाणी, शब्द. लोक त्यांना नुसतं ‘कलाम’ म्हणतात आणि ते आडनाव आहे असं समजतात. पण ते आडनाव नव्हे. ‘अब्दुल कलाम’ हे मिळून त्यांचं स्वतःचं नाव. आधीची अक्षरं वाडवडिलांच्या नावांची. त्यातलं ‘जे’ म्हणजे वडील जैनुलाबदीन, अर्थ ‘उपासकांचं भूषण’. इथेही ‘अब्द’चंच घराणं आलं, बघा.

इथे एक फरक लक्षात ठेवा. देशाचे पहिले शिक्षणमंत्री मौलाना आझाद होते अबुल कलाम. अब्दुल नव्हे, अबुल. ‘अबू’ म्हणजे बाप. अबुल कलाम म्हणजे शब्दश: वाणीचा बाप, म्हणजे वाणीवर हुकमत असलेला. एका ‘द’नं अर्थ किती बदलतो! नाव लिहिताना आपण एक अक्षर गाळतो, तेव्हा असंच होतं.

एकच नाव, लिहिण्याच्या चार तऱ्हा

अरबीत ‘अल’मधला ‘ल’ काही अक्षरांच्या आधी उच्चारला जात नाही, तो पुढच्या अक्षरात मिसळतो. पुढे र, स, श अशी अक्षरं आली की हे होतं. म्हणून अब्दुल रहमानचा अरबी उच्चार अब्दुर्रहमान, अब्दुल सत्तारचा अब्दुस्सत्तार, अब्दुल रशीदचा अब्दुर्रशीद. पण पुढे क, ग, ह, म, ब आलं की ‘ल’ जागेवर राहतो, म्हणून अब्दुल करीम, अब्दुल गफ्फार, अब्दुल हमीद.

म्हणजे एकाच माणसाचं नाव कुणी अब्दुल रहमान लिहील, कुणी अब्दुर रहमान, कुणी अब्दुर्रहमान, तर कुणी अब्दुल रेहमान. घरच्यांना सगळी सारखीच. त्यात चूक कुणाचीच नाही. पण संगणकाला ही चार वेगळी माणसं दिसतात.

दुसरी अडचण रकान्यांची. अर्जावर तीन रकाने असतात: स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आडनाव. समोरचा माणूस ‘अब्दुल रज्जाक शेख’ ऐकतो आणि पहिल्या रकान्यात अब्दुल, दुसऱ्यात रज्जाक, तिसऱ्यात शेख असं भरतो. झालं! अन्नदात्याचं नाव कागदावर वडिलांचं नाव होऊन बसलं आणि खरे वडील गायब झाले. मराठवाडा-विदर्भात तर ‘शेख अमुक शेख तमुक’ अशी आडनाव आधी लिहायची रीत आहे, तिथे गोंधळ आणखी वाढतो.

आमच्या एका गटातल्या ताईंचे पती अचानक वारले. वर्षाला ४३६ रुपये भरून काढलेला जीवनज्योती विमा होता, दोन लाखांचा. वारस म्हणून ताईंचं नाव होतं. पण पासबुकावर पतीचं नाव अब्दुल रज्जाक शेख, आधारवर शेख अब्दुल आणि मृत्यूच्या दाखल्यावर नुसतं रज्जाक शेख. ही तिन्ही नावं एकाच माणसाची आहेत, हे सिद्ध करायला त्या बाईला प्रतिज्ञापत्रं करावी लागली, पंचांच्या सह्या आणाव्या लागल्या. दोन लहान मुलं घेऊन सात महिने ती बँक आणि तहसीलच्या चकरा मारत होती. प्रत्येक चकरेला मजुरी बुडायची. पैसे शेवटी मिळाले. पण नाव सुरुवातीलाच सगळीकडे सारखं असतं, तर हे हाल झाले नसते.

मग आपण काय करायचं?

पहिली गोष्ट, विचारायचं. गटाच्या वहीत किंवा अर्जावर नाव लिहिताना अब्दुल ऐकलं की ‘पुढे काय?’ असं विचारायचं. पूर्ण नाव सांगा, वडिलांचं वेगळं सांगा, आडनाव वेगळं सांगा, असं म्हणायचं. अब्दुल आणि पुढचा शब्द दोन्ही मिळून पहिल्या रकान्यात लिहायचे. गुलाम नबी, गुलाम रसूल या नावांचंही असंच असतं, तीही तोडायची नाहीत.

दुसरी गोष्ट, बाळाच्या जन्माची नोंद. जन्म झाल्यापासून २१ दिवसांत ग्रामपंचायतीत नोंद करायची. नाव ठरलं नसेल तर घाई नको. एक वर्षापर्यंत नाव फुकट घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. पण घालाल ते विचार करून, जोडून लिहायचं की सुटं हेही ठरवून घाला. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळा, आधार, पासपोर्ट अशा कामांत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच मुख्य कागद आहे. आणि आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव आलंय. आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. आपलं नाव लेकराच्या नावाला लागणार, ही आनंदाची गोष्ट आहे. पण बाळाचं नाव दोन शब्दांचं असेल, तर ते पूर्ण पहिल्याच जागी बसलंय ना, हे सही करण्याआधी वाचून घ्या. वाचता येत नसेल तर कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्या.

तिसरी गोष्ट, जुने कागद. घरातल्या सगळ्यांचे आधार, पासबुक, रेशनकार्ड, शाळेचा दाखला एका रांगेत मांडा आणि नावं जुळवून पाहा. आधारवर नाव जन्मात दोनदाच बदलता येतं, म्हणून केंद्रावर जाण्याआधी कोणतं रूप ठेवायचं ते घरात बसून ठरवा. मोठ्या माणसाचं नाव कायमचं बदलायचं किंवा सुधारायचं असेल, तर राज्य शासनाच्या राजपत्रात ते प्रसिद्ध करून घेता येतं. विम्याच्या अर्जावर वारसाचं नाव आधारप्रमाणेच लिहा.

चौथी गोष्ट कागदाची नाही, तोंडाची आहे. घरात, मित्रांत कुणी अब्दुल म्हणतं, कुणी रहमानभाई म्हणतं. त्या माणसाला ते आवडत असेल तर प्रश्नच नाही. काही जाणकार मात्र सांगतात, की रहमान, रज्जाक ही खास अल्लाहची नावं, माणसाला नुसती लावू नयेत, पुढे ‘अब्दुल’ हवंच. म्हणून ज्याचं नाव त्यालाच विचारावं, ‘भाई, तुम्हाला काय म्हणू?’ आणि हल्ली काही जण अब्दुल हे नाव चेष्टेत, टोमण्यात, सगळ्या मुसलमानांना मिळून वापरतात. मोबाइलवर असे विनोद फिरतात. आता तुम्हाला अर्थ ठाऊक झालाय. एका बापानं, एका आईनं लेकरू दयाळूच्या, क्षमाशीलाच्या, अन्नदात्याच्या पदरी घालून ते नाव ठेवलेलं असतं. असा विनोद आला तर पुढे पाठवू नका. पाठवणारा ओळखीचा असेल, तर नावाचा अर्थही त्याला सांगा.

पुढच्या गटाच्या बैठकीत एक काम करा. हजेरी घेताना प्रत्येकीनं आपल्या नावाचा आणि घरातल्या एका माणसाच्या नावाचा अर्थ सांगायचा. ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून यायचं. त्याच बैठकीत सगळ्यांची आधार आणि पासबुकं आणायला सांगा आणि नावं जुळवा. ज्यांची जुळत नाहीत त्यांची यादी इतिवृत्तात लिहा आणि ग्रामसंघात मांडा. पाच-दहा जणींचं काम एकदम निघालं, तर आधार केंद्राची एकच फेरी पुरते.

तर मैत्रिणींनो, आजच्यापुरतं इथेच थांबतो. नावं पूर्ण विचारा, पूर्ण लिहा.